शर्टाचं बटण आणि साडेसहाचं काडतूस

ओस्मो सिवोनेनच्या उजव्या भुवईवर अर्ध्या चंद्रासारखा एक व्रण होता. लाकडाच्या कोठीचं दार लागलं, असं तो सांगायचा. हाउकिवारा गावात त्याला त्याबद्दल कुणी विचारत नसे, तरी तो सांगायचा. दुकानात दूध घेताना, पेट्रोल भरताना, एकदा तर चर्चमध्ये मयताला आलेल्या पाहुण्यालाही त्याने ते दार ऐकवलं होतं. ऐकणारा मान हलवायचा आणि हवापाण्यावर बोलायला लागायचा.

तसा माणूस सोन्यासारखा. हिवाळाभर गावाचे रस्ते बर्फातून मोकळे करायचं यंत्र तोच चालवायचा, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची अंगणंही न सांगता साफ करून जायचा. कुणी आभार मानायला दार उघडलं, तर यंत्र जोरात घुरघुरवून पळ काढायचा. खोट एकच. कुठलीही अडचण आली की त्याचं उत्तर ठरलेलं असे: याहून मोठं आणा. होडी डोलते? मोठी होडी घ्या. चुलीवर कॉफी वेळेत होत नाही? मोठी चूल बांधा. बायको हिल्का म्हणायची, "बरं झालं बाई, मी उंचीला कमी आहे म्हणून तू दुसरी नाही आणलीस."

बंदुकीचंही तेच झालं. तरुणपणी त्याच्याकडे तीनशे आठ होती, म्हणजे पॉइंट तीनशे आठ इंच तोंडाची रायफल. अख्ख्या पूर्व फिनलंडात निम्म्या घरांत असते तशीच. तिने त्याने पुष्कळ मूस पाडले, म्हणजे इथली फावड्यासारख्या शिंगांची अवाढव्य हरणं. एका ऑक्टोबरात मात्र गोळी लागलेला एक मूस मरायच्या आधी थेट दलदलीच्या मधोमध जाऊन पडला, आणि घोड्याहून उंच ते धूड चिखलातून ओढून काढताना गावच्या सगळ्या शिकारी टोळीची कंबर मोडली. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून ओस्मोने जाहीर केलं, "काडतूस कमी पडलं." पुढच्या उन्हाळ्यात त्याने नऊ-तीन आणली, नऊ पॉइंट तीन मिलिमीटर तोंडाची. तिचं काडतूस त्याच्या जाडजूड अंगठ्याएवढं होतं. खांद्याला तिचा धक्का असा बसे, की दोन दिवस डाव्या हाताने जेवावं लागे. तो व्रण आला तोही त्याच उन्हाळ्यात.

आणि मग गेल्या साली ते घडलं.

त्याची जागा होती कुइक्का तळ्याच्या वरच्या खडकापाशी. हाउकिवाराच्या टोळीत ज्याची त्याची जागा ठरलेली असते, आणि खडकाची जागा सिवोनेनांची होती. ओस्मोचा बाप तिथल्याच एका सपाट दगडावर बसायचा, आणि त्या दगडावर बसलं की ओस्मोला अजूनही बाप शेजारी खोकतोय असं वाटायचं. त्या दिवशी खालच्या भोजवृक्षांतून एक नर चालत आला, ओस्मोने बार टाकला, आणि जनावर पुढचा पाय लोंबकळवत जंगलात शिरलं. अंधार पडेपर्यंत टोळी माग काढत राहिली. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी टोळीतल्या आह्तीची राखाडी कुत्री हाल्ला हिला ते सापडलं. ते तेव्हाही जिवंत होतं. शेवटची गोळी आह्तीने घातली.

आमच्याकडे लोक शिव्या देत असले तर समजावं सगळं ठीक आहे. त्या दिवशी शेकोटीभोवती कुणीही ओस्मोला शिवी दिली नाही. कॉफीचा पेला त्याच्या हातात देताना आह्ती चक्क "घे" म्हणाला, आणि तेवढं ऐकून ओस्मो पेला तसाच ठेवून घरी निघाला. मोसम संपल्यावर, ज्यांच्या रानात शिकार होते त्या जमीनमालकांना मूसच्या सूपचं जेवण असतं, त्याला तो गेला नाही. डोकं दुखतंय म्हणाला. पण दुखत होतं ते वेगळंच. ते लोंबकळणारं पाऊल डोळे मिटले की दिसायचं.

यंदा ऑगस्टमध्ये टोळीप्रमुख इर्या कोर्तेलाइनेन त्याच्या अंगणात सायकल घेऊन आली. इर्या पूर्वी टपाल वाटायची. घरोघरची कुत्री आणि घरोघरची भांडणं तिला पाठ होती. सायकल भिंतीला टेकवून ती पायरीवर बसली आणि हिल्काने आणलेला, पातळ पोळीत भात भरून भाजलेला पिराक्का अंड्यालोण्यासकट संपवूनच बोलायला लागली.

"ओस्मो, तुझं नेमबाजीचं कार्ड यंदा संपतंय. परीक्षा द्यावी लागेल."

"देईन की."

"दे. पण नुसतं कार्ड मला पुरायचं नाही. तुझ्या हातून पुन्हा तसं होणार नाही, हे मला पटलं पाहिजे. पटलं तर खडकाची जागा तुझी. नाही पटलं तर यंदा तू सूपाच्या हंड्यापाशी, आणि खडकावर दुसरा कोणीतरी."

ओस्मोचा चेहरा उतरला. बापाच्या दगडावर दुसरा कोणी बसलेला त्याच्या डोळ्यांसमोर आला आणि त्याला अक्षरशः घाम फुटला. मग तो नेहमीप्रमाणे उसळून म्हणाला, "त्याची तजवीज मी केलीय. नऊ-तीन कमी पडली, हे माझ्या ध्यानात आलंय. आह्तीची त्याहून मोठी तीनशे पंच्याहत्तर वापरून बघणार, आणि जमली तर तसलीच घेणार."

हिल्काने इर्याकडे पाहिलं. इर्याने पिराक्क्याच्या रिकाम्या बशीकडे पाहिलं. "बरं," इर्या म्हणाली, "शनिवारी चांदमारीवर ये. आह्तीलाही घेऊन ये."

शनिवारी आह्ती ती बंदूक अशी उचलून आणत होता, जणू बारशाचं बाळ. सडपातळ, तोंडाळ माणूस. गावात कुणाची टर उडवायची राहिली, तर त्याला रात्री झोप लागत नसे.

"हे काडतूस हत्तीसाठी बनवलंय, ओस्मो!"

"आपल्याकडे हत्ती कुठायत?"

"म्हणजे बघ, किती जालीम असेल! एकही उरला नाही."

ओस्मो खदखदून हसला. पण बाकावर बसून दस्ता खांद्याला लावल्यावर त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं. समोर माळाच्या टोकाला लाकडी मूस उभा होता, छातीवर जेवणाच्या ताटाएवढं वर्तुळ रंगवलेला. इर्याने काडतुसं स्वतःच्या खिशात ठेवली होती. "मी भरते. तू फक्त नेम धर आणि चाप ओढ."

पहिला बार झाला. माळ हादरला, पाठीमागच्या झाडांतले कावळे उठले, आणि लाकडी मूसच्या पायाखालच्या मातीतून धूळ उडाली.

"बंदुकीवरची दुर्बीण सरकलेली दिसतेय," ओस्मो म्हणाला.

"असेल," इर्या म्हणाली आणि तिने पुन्हा बंदूक भरली.

ओस्मोने श्वास रोखला, चाप ओढला. नुसतं खट् झालं, बार उडालाच नाही. इर्याने या खेपेला आधीच उडवलेलं, रिकामं काडतूस आत घातलं होतं. बंदूक उडाली नाही, धक्का बसला नाही, तरी ओस्मोचा खांदा पुढे आला, डोळे घट्ट मिटले, आणि नळीचं टोक हातभर खाली गेलं. न आलेल्या तडाख्यासाठी त्याचं अंग आधीच आवळून बसलं होतं.

त्याने डोळे उघडले. नळी मातीकडे रोखलेली होती. आपण काय केलं, हे त्याला स्वतःला दिसलं. आणि पहिली गोळी मूसच्या पायाखाली का गेली, हेही लख्ख कळलं. गेल्या ऑक्टोबरात गोळी छातीऐवजी पायाला का लागली, तेही.

आता आह्ती तुटून पडणार, असं त्याला वाटलं. पण आह्ती पाठ करून ढग बघत होता. असे मन लावून ढग त्याने आयुष्यात कधी पाहिले नसतील.

"केव्हापासून?" इर्याने हळूच विचारलं.

ओस्मोचा हात आपोआप भुवईकडे गेला. "ते… लाकडाच्या कोठीचं दार…"

"हो," इर्या म्हणाली. "दार." आणि तिने उरलेली काडतुसं पिशवीत टाकली.

घरी येऊन ओस्मो अंगणातल्या ओंडक्यावर बसला. हिल्का बाहेर आली. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती काठी घेऊन चालायची, पण काठीचा उपयोग टेकण्यापेक्षा रोखण्याकडेच जास्त.

"सोडतो मी शिकार," तो म्हणाला. "मला भीती वाटते हिल्का. बंदुकीची वाटते. आणि त्याहून जास्त, परत एखादं जनावर तसं लंगडत जाईल याची वाटते. सूपच ढवळतो."

"तू सूप ढवळणार? मागच्या खेपेला बटाटे करपवलेस. पाण्यातले!"

"मी खरं सांगतोय."

"मीसुद्धा." तिने काठी त्याच्या छातीवर टेकवली. "ऊठ. कपाटाची किल्ली आण."

कपाटात नऊ-तीनच्या मागे एक सडपातळ बंदूक होती. हिल्काची. ती लग्न होऊन टोर्निओ नदीकाठाहून आली, तेव्हा ही साडेसहा मिलिमीटरची सोबत घेऊन आली होती. तिकडे नदीपलीकडच्या स्वीडिश लोकांचं बघून सगळे हीच वापरतात. इकडे गावाने तिला तेव्हा खूप हसून घेतलं होतं. बंदुकीला सुई म्हणायचे. पुढं हिल्का कित्येक वर्षं त्या सुईने मूस पाडत राहिली, आणि हसणारे आपापल्या बशीतलं मांस खात राहिले. खुबा गेल्यापासून बंदूक बंद होती.

तिने स्वयंपाकघराच्या टेबलावर दोन खोकी ठेवली. "यातली कुठली घेशील?"

ओस्मोने दोन्हीतली एकेक गोळी बोटांत धरून पाहिली. पहिली आखूड, टोकदार, हलकी. दुसरी लांबुडकी, बोथट नाकाची, हाताला चांगली जड. "ही आखूड वेगाने जात असेल ना? वेग जास्त तो मार जास्त."

"ती लहान हरणांची. हरणाला ती बरी, पातळ अंगाचं जनावर. मूसच्या खांद्यावर बसली तर वरच्यावर फुटून जाईल, फुप्फुसापर्यंत पोचायचीच नाही. कायद्यातही बसत नाही मूससाठी. ही बघ, जड. हळू जाते, पण शिरली की थांबत नाही, सरळ आरपार. मूसला गोळीवरचा आकडा वाचता येत नाही, ओस्मो. ती कुठे बसली, तेवढंच त्याला कळतं."

"पण तुझी ही सुई… लांबून…"

"लांबून मारायचंच नाही! तळ्याच्या अलीकडच्या काठापर्यंत आला तरच. पळत असला तर नाही. तिरका असला तर नाही. आडवा उभा राहील, तेव्हा पुढच्या पायाच्या मागे. नाहीतर बंदूक मांडीवर ठेवायची आणि त्याला बघत बसायचं. बघायलाही छान असतो तो."

ओस्मोने जड गोळ्यांचं खोकं आपल्याकडे ओढलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याला याहून लहान आणा म्हणत होतं, आणि त्याला ते पटत होतं. त्याचंच त्याला नवल वाटलं.

मग त्या घरात सराव सुरू झाला. हिल्काने त्याच्या जुन्या शर्टाचं एक बटण कापून घेतलं. संध्याकाळी जेवण झालं की ओस्मो रिकामी बंदूक घेऊन बैठकीच्या खोलीत बसायचा, आतलं काडतूस काढलंय हे हिल्का स्वतः बोट घालून तपासायची, आणि नळीच्या टोकावर ते बटण अलगद ठेवायची. भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्यावर नेम. चाप ओढायचा. खट्. बटण पडलं की पुन्हा.

पहिल्या आठवड्यात बटण नुसतं टपाटप पडत होतं. एकदा सोफ्याखाली गेलं, तेव्हा ते काढायला ओस्मोला पालथं पडावं लागलं आणि हिल्का काठीने जागा दाखवत राहिली. "डावीकडे. अजून. अरे, तो उंदराचा सापळा आहे!"

"डोळे मिटू नकोस," ती म्हणायची. "बार कसा होतो ते बघायचं आहे, असं समज."

"बार नाहीच आहे."

"म्हणून तर बघता येईल."

हळूहळू बटण टिकायला लागलं. एका संध्याकाळी लागोपाठ इतक्या वेळा टिकलं, की ओस्मो बंदूक तशीच धरून बसला आणि हिल्काला ते उचलू द्यायलाच तो तयार होईना. मग चांदमारीवर खऱ्या काडतुसांनी, थोडी थोडी करून. साडेसहाचा धक्का म्हणजे कुणी खांद्यावर थाप मारून "काय म्हणतोस?" विचारावं, एवढाच. दुर्बीण हिल्काने चांगली पुढे सरकवून घट्ट केली होती. तसं करताना ती त्याच्या भुवईकडे पाहून काहीच बोलली नाही.

परीक्षेच्या दिवशी चार गोळ्या, चारही वर्तुळात हव्यात. पहिल्या तीन बसल्या. चौथ्या वेळी ओस्मोला आठवलं की ही चौथी आहे, आणि ती वर्तुळाच्या खाली गेली. मागे बाकावर कुणीतरी "सुई!" म्हणून हसलं. ओस्मोचे कान लाल झाले. पण त्याने दुर्बिणीला दोष दिला नाही, काडतुसाला दिला नाही. बंदूक खाली ठेवली, खिशातलं बटण चाचपलं आणि परीक्षकाला म्हणाला, "मी डोळे मिटले. पुन्हा देतो." दुसऱ्या खेपेला चारही आत बसल्या, आणि त्यातल्या दोन एकमेकींना चिकटून.

इर्याने कार्डावर नजर टाकली. "खडकावर जा," एवढंच ती म्हणाली.

ऑक्टोबरातल्या त्या सकाळी तळ्याच्या कडेने पातळ बर्फ धरला होता. ओस्मो बापाच्या दगडावर नारिंगी टोपी घालून बसला. लांबून हाल्लाचं भुंकणं येत होतं, एका लयीत, म्हणजे तिने काहीतरी उठवलं होतं. भुंकणं जवळ आलं. भोजवृक्षांच्या मागून एक नर मूस निघाला, शिंगांची फावडी दोन्ही बाजूंना डोलवत. ओस्मोने सावकाश बंदूक खांद्याला लावली.

मूस तिरका होता. ओस्मोने दुर्बिणीतून बघितलं आणि बोट चापाबाहेरच ठेवलं. मूस पुढे आला, थांबला, कुत्रीकडे वळून पाहू लागला. अजून तिरका. गेल्या सालचा ओस्मो एव्हाना दोनदा बार टाकून मोकळा झाला असता. यंदाचा बसून राहिला आणि त्याला जाणवलं की आपल्याला घाई नाही. मग मूसने दोन पावलं टाकली, पाण्याच्या अलीकडच्या काठाशी आडवा उभा राहिला, आणि त्याने नाकपुड्यांतून वाफेचा श्वास सोडला.

ओस्मोने चाप ओढला. डोळे उघडे होते. नळीच्या टोकावर बटण असतं तर ते पडलं नसतं.

पण मूसही पडला नाही. तो नुसता उभा राहिला, जणू कुणी त्याला हाक मारली असावी. मग सावकाश चालत दाट सूचिपर्णी झाडांमागे दिसेनासा झाला.

ओस्मोने बंदूक खाली ठेवली. पुन्हा! पुन्हा तेच! या खेपेला तर सुईने. रेडिओ खरखरला. "ओस्मो, बार तुझा? काय झालं?" इर्याचा आवाज.

खोटं सांगायला सोपं होतं. चुकला म्हटलं असतं, तर आज कुणी माग काढायला गेलंही नसतं. ओस्मोने रेडिओचं बटण दाबलं. "मारली. मला वाटतं बरोबर बसली. पण तो चालत गेला. मला नक्की ठाऊक नाही, इर्या. कुत्री आणा."

"जागेवरून हलू नकोस. येतो आम्ही."

ते लोक येईपर्यंतचा वेळ त्याने कसा काढला, ते त्यालाच माहीत. इर्या आली. आह्ती हाल्लाला दोरीला बांधून आला. इर्याने थर्मास काढला आणि तिघांना कॉफी ओतली, कारण गोळी लागलेल्या जनावराच्या पाठी लगेच धावत नाहीत. मरायला टेकलं असेल तर त्याला निवांत पडू द्यावं लागतं. ओस्मोने आपली कॉफी शेवाळावर ओतून टाकली.

मग हाल्लाला सोडली. ती भुंकत झाडांमागे गेली आणि लगेचच भुंकायची थांबली. आह्ती पुढे झाला.

"ओस्मो," झाडांमागून त्याचा आवाज आला. "ये इकडे. ये रे, ये!"

मूस झाडांच्या पलीकडेच पडला होता. धावल्याची, धडपडल्याची खूण शेवाळावर कुठे नव्हती. चालता चालता गुडघे टेकून निजला असावा, इतका शांत. इर्या वाकली, पुढच्या पायाच्या मागचं भोक तिने बोटाने दाखवलं, आणि गोळी आरपार गेल्याचं दुसऱ्या बाजूचं भोकही.

ओस्मो टोपी काढून मूसच्या मानेपाशी गुडघ्यांवर बसला. खरखरीत केसांवरून त्याने हात फिरवला. "दुखलं नाही ना तुला फार," तो पुटपुटला, आणि त्याच्या डोळ्यांना धार लागली. वर्षभराचं साठलेलं सगळं तिथे त्या शेवाळात सांडलं. इर्या आणि आह्ती दोघंही वाट बघत उभे राहिले. या वेळी ढग बघायची गरज कुणालाच वाटली नाही.

पाडणाऱ्याच्या टोपीत झाडाची हिरवी डहाळी खोवायची आमच्याकडे रीत आहे. इर्याने डहाळी मोडून ओस्मोच्या टोपीत खोवली. दुपारी मांस फाडायच्या शेडपाशी सगळे जमले. हंड्याशी हिल्का उभी होती, आणि अर्थातच बटाटे करपलेले नव्हते. ओस्मो सरळ तिच्यापाशी गेला, टोपीतली डहाळी काढली आणि तिच्या डोक्यावरच्या रुमालात खोवली. टोळीतले आडदांड गडी एकदम शेकोटीत लाकडं सारायला लागले.

"सुईची लागली ना रे गोळी!" आह्ती ओरडला. "आता ती नऊ-तीनची तोफ विकायला काढ. मी सांगतो, कोठीच्या दाराच्या बदल्यात कुणीतरी घेईल."

सगळे हसले. ओस्मो हसला नाही. त्याने पेला खाली ठेवला.

"ते दार नव्हतं," तो म्हणाला. "नऊ-तीनच्या दुर्बिणीने फोडली भुवई. चांदमारीवर. दुर्बीण डोळ्याला फार जवळ धरली आणि तिने मागे येऊन दणका दिला. तेव्हापासून मी चाप ओढताना डोळे मिटायचो."

इर्याने त्याच्यापुढे सूपाचा वाडगा सरकवला.

"गोल दार मी तरी हाउकिवारात पाहिलेलं नाही," इर्या म्हणाली. "आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, ओस्मो. बसून सूप खा."

मग मात्र असं हसू फुटलं की हाल्लाही भुंकायला लागली. आणि शिव्या! गेल्या वर्षभराच्या राहिलेल्या सगळ्या शिव्या ओस्मोला एकदम मिळाल्या. खडकावरचा ठोंब्या म्हणून झालं, दारवाला म्हणून झालं, हिल्काने नळीवरच्या बटणाची गोष्ट सांगितल्यावर हिल्काचा शिकाऊ म्हणूनही झालं. ओस्मो सूपात पाव बुडवत सगळं ऐकत होता, आणि इतकं सुखाचं जेवण त्याने वर्षभरात जेवलेलं नव्हतं.

सगळे भांडी घासायला गेल्यावर आह्ती हंड्यापाशी घुटमळत राहिला. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "हिल्का, ते बटण आहे ना… दोन-चार आठवडे मला उसनं देशील?"